वजन वाहणाऱ्या विटा

लाल विटांची उघडी भिंत, तिच्यात रुंद मोकळी जागा, त्या जागेवर जेमतेम वाकलेली कमान आणि कमानीच्या दोन्ही टोकांना जोडणारी काँक्रीटची आडवी पट्टी. अहमदाबादच्या आयआयएमच्या जुन्या आवारात हे दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. वर्गांच्या इमारतीत दिसतं, मुलांच्या वसतिगृहांवर दिसतं. पाहणाऱ्याला ती पट्टी शोभेची वाटण्याचा संभव आहे. पण ती काढून टाकली, तर कमान उभी राहणार नाही. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या वास्तुशिल्पीने विटेबद्दल जो विचार केला, तो या पट्टीत स्पष्ट वाचता येतो.

वीट दाब उत्तम सोसते. तिच्यावर कितीतरी वजन ठेवा, ती मुकाट्याने वाहील. ताण मात्र तिला सोसत नाही. विटांची रांग दोन टोकांना टेकवून मध्ये अधांतरी ठेवली, की वजनाने ती वाकू पाहते. वाकताना वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि खालून सांधे उघडून विटा निखळतात. म्हणून दारं-खिडक्यांवर आपण लिंटेल टाकतो. त्यातल्या सळ्या तो ताण घेतात. सळ्या नव्हत्या तेव्हाच्या गवंड्यांनी दुसरी युक्ती काढली होती, ती म्हणजे कमान. कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेला फक्त दाबते, ताण कुठेच येत नाही. वजन विटेकडून विटेकडे वळत वळत दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतं.

यात एक अडचण आहे. कमान वजन सरळ खाली देत नाही, थोडं बाहेरही ढकलते. रंगारी वापरतात तो लाकडी घोडा आठवा. त्यावर माणूस चढला की त्याचे दोन्ही पाय फाकायला लागतात, म्हणून त्या पायांना मध्ये दोरी बांधलेली असते. घोडा जितका जास्त पसरलेला, तितकी दोरीवरची ओढ जास्त. कमानीचं तेच आहे. वजन आणि रुंदी तीच ठेवून कमानीची उंची निम्मी केली, तर बाहेर ढकलणारा जोर दुप्पट होतो. म्हणूनच जुन्या इमारतींत कमानी उंच असतात आणि त्यांच्या बाजूच्या भिंती जाडजूड. अहमदाबादच्या या कमानी पसरट आहेत, त्यामुळे त्यांचा जोर मोठा आहे. तो अडवायला जाड भिंती उभारण्याऐवजी इथे कमानीच्या पायांना काँक्रीटची दोरीच बांधली आहे. काँक्रीटच्या आत सळ्या आहेत, त्या ताण घेतात. दाब विटांनी घ्यायचा आणि ताण काँक्रीटने, अशी ही वाटणी आहे. दोघांपैकी कोणालाही गिलाव्याखाली लपवलेलं नाही. कोण काय काम करतंय, हे उन्हात उभं राहून पाहता येतं.

हे ज्यांनी केलं ते लुई कान. जन्म 1901 सालचा, एस्टोनियातला. लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले आणि फिलाडेल्फियात वाढले. त्यांचं खरं मोठं काम पन्नाशीनंतरचं. विटेला काय व्हायचं आहे असं तिलाच विचारावं, आणि मला कमान आवडते असं ती सांगते, हा त्यांचा दाखला जगभरच्या वास्तुकलेच्या वर्गांत सांगितला जातो. तो नुसता चमकदार दाखला म्हणून सांगितला, की त्यातली मेख हरवते. त्या संवादात कान विटेला असंही सांगतात, की कमान महाग पडते, काँक्रीटच्या लिंटेलनेही भागेल. वीट तरी ऐकत नाही. अहमदाबादला त्यांनी वीट आणि काँक्रीट यांच्यात तडजोड घडवून आणली. वीट कमानच झाली, काँक्रीटने तिला बांधून ठेवलं, आणि दोघांचं काम भागलं.

पण ही वास्तू एकट्या कान यांची आहे असं मानण्याची जी सवय पडली आहे, ती मला पटत नाही. आयआयएम अहमदाबादची स्थापना 1961 साली झाली. केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि अहमदाबादचे उद्योजक यांनी मिळून ती उभारली. पुढाकार डॉ. विक्रम साराभाई आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांचा. अभ्यासक्रमासाठी हार्वर्ड बिझनेस स्कूलशी सहकार्य ठरलं. इमारतींसाठी कान यांचं नाव सुचवलं ते वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशींनी. दोशी मूळचे पुण्याचे. त्यांचा जन्म तिथला, 1927 सालचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करायला गेले आणि त्यांच्याच इमारतींच्या देखरेखीसाठी अहमदाबादला येऊन तिथलेच झाले. हे काम त्यांना स्वतःलाही मागता आलं असतं. त्यांनी ते कान यांच्याकडे सोपवलं आणि आपण सहकारी म्हणून राहिले. पुढे 2018 साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. काम सोपवण्याच्या त्या निर्णयातला त्यांचा मोठेपणा मला त्या पारितोषिकाहून कमी वाटत नाही.

कान पहिल्यांदा आले 1962 साली. त्याच वर्षी ढाक्याच्या संसदभवनाचं कामही त्यांच्याकडे आलं. पुढची बारा वर्षं ते या दोन कामांत गुंतलेले होते. तेव्हा भारतात सिमेंट आणि पोलाद टंचाईच्या वस्तू होत्या. वीट मात्र स्थानिक भट्ट्यांत भाजली जात होती आणि ती रचणारे हात उपलब्ध होते. सेंटरिंग लावून कमान बांधायला वेळ लागतो, मजुरी लागते. अमेरिकेत ती परवडली नसती. विटेचा आग्रह म्हणजे नुसती आवड नव्हती. जे हाताशी आहे त्यातून मोठी गोष्ट उभी करायची होती.

कान यांनी हवेचाही विचार केला. अहमदाबादचा उन्हाळा कसा असतो हे सांगायला नको. वारा येतो तो बहुतेक नैर्ऋत्येकडून. म्हणून अठरा वसतिगृहं तिरपी मांडली आहेत, कोपऱ्याला कोपरा भिडवून, त्यामुळे वारा त्यांच्या मधल्या चौकांतून फिरतो. ऊन थेट खोलीवर पडू नये म्हणून खोल्या आत सारल्या आहेत. बाहेर खोल, सावलीचे ओटे आणि त्यांच्यापुढे मोठ्या मोकळ्या जागा असलेली भिंत आहे. वाड्याच्या पडवीचं काम ही भिंत करते. ऊन आणि चकाकी तिच्यावर थांबते, वारा आत जातो.

आतल्या रचनेत शिक्षणाचा विचार आहे. साधारण वसतिगृह म्हणजे लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना दारं. कान यांनी कॉरिडॉरच काढून टाकला. दहा-दहा खोल्यांचा गट केला, मधोमध जिना आणि चहापाण्याची बैठक ठेवली. जिना आणि न्हाणीघरं अशा बाजूला बसवली, की त्यांचीही सावली खोल्यांना मिळावी. खोलीतून बाहेर पडलं की माणूस थेट बैठकीत येतो. केस, म्हणजे एखाद्या धंद्यातला प्रसंग, वाचायची, त्यावर भांडायचं, पुन्हा खोलीत जाऊन आकडे मांडायचे, ही आयआयएमची रोजची रीत आहे. हार्वर्डच्या केस पद्धतीत शिक्षक भाषण देत नाही, मुलांना वादात ओढतो. म्हणून वर्गही नालेच्या आकाराचे आहेत. ओळी चढत्या, मध्ये शिक्षक, आणि कुणालाही कुणाचाही चेहरा दिसतो. शिक्षण वर्गाइतकंच वर्गाबाहेर होतं, ही कान यांची श्रद्धा होती. म्हणून वर्गांच्या आणि प्राध्यापकांच्या खोल्यांच्या इमारतीत येण्याजाण्याचे मार्गही ऐसपैस आहेत. तास संपल्यावर तिथे उभं राहून वाद पुढे चालवता येतो, कुणी धक्का देत नाही.

या सगळ्याच्या मध्ये एक मोठा चौक आहे. मुलं त्याला एलकेपी म्हणतात, लुई कान प्लाझा. एका बाजूला वर्ग, समोर प्राध्यापकांचे कक्ष आणि टोकाला विक्रम साराभाई ग्रंथालय. ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीतली प्रचंड वर्तुळं फोटोंतून सगळ्यांनी पाहिलेली असतात. वर्तुळ दिसायला भव्य, पण त्याच्यातही काम आहे. वरचा अर्धा भाग म्हणजे कमान, हे सहज कळतं. खालचा अर्धा भाग म्हणजे उलटी कमान. ती वरून आलेलं वजन खालच्या भिंतीत सगळीकडे पसरवते, आणि जमीन हलली तर भिंतीला चारही बाजूंनी आवळून धरते. उलट्या कमानी पायात बांधण्याची रीत जुनी आहे. कान यांनी ती पायातून वर काढून दर्शनी भिंतीत आणली.

ठरवलेलं सगळं झालं असं नाही. वसतिगृहं आणि प्राध्यापकांची घरं यांच्यामध्ये कान यांना तळं हवं होतं. डास होतील, मलेरिया पसरेल या भीतीने ते झालं नाही. चौकात नियोजित असलेलं खुलं नाट्यगृहही झालं नाही. आराखडा जागेवर उतरताना अशी काटछाट व्हायचीच. तळ्याच्या बाबतीत तर ज्यांनी नको म्हटलं त्यांचंच बरोबर होतं असं मला वाटतं.

मार्च 1974 मध्ये कान अहमदाबादला येऊन परत निघाले. 17 मार्चला न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथेच त्यांचं निधन झालं. घरच्यांपर्यंत बातमी पोचायला दोन दिवस लागले. शेवटचा प्रवास त्यांनी केला तो याच आवाराच्या कामासाठी.

उरलेलं काम पुढे नेलं अनंत राजे यांनी. राजे मुंबईचे, जे. जे.चे पदवीधर. साठच्या दशकात ते फिलाडेल्फियाला कान यांच्या कचेरीत काम करत होते. परतल्यावर अहमदाबादच्या बांधकामाची सूत्रं त्यांच्या हाती आली. कान यांच्यानंतर आवारात झालेल्या कितीतरी इमारती त्यांच्या आहेत. भोजनगृह त्यांचं, प्रशिक्षणासाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांचं निवासी केंद्रही त्यांचं. गुरूची वीट त्यांनी घेतली. मात्र त्याची नक्कल केली नाही, आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात काँक्रीटचं प्रमाण वाढवलं. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था ही त्यांची स्वतंत्र निर्मिती, आणि तिच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही ही खंत वाटते. दोशींनी माणूस आणला, कान यांनी विचार दिला, राजेंनी तो वर्षानुवर्षं जागेवर सांभाळला, आणि ज्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत अशा गवंड्यांनी तो विटेत उतरवला. हे आवार या सगळ्यांचं आहे.

आता दुखण्याकडे येऊ.

उघड्या वीटकामाला गिलाव्याचं पांघरूण नसतं. पावसाचं पाणी थेट विटेत मुरतं. वीट सच्छिद्र, ती पाणी शोषून घेते. त्या पाण्यात विरघळलेले क्षार पाणी सुकताना पृष्ठभागाजवळ येतात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढला की विटेचा पापुद्रा सुटतो. याला आपल्याकडे लोणा लागणं म्हणतात, आणि जुन्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. वीट चांगली भाजलेली असेल तर ती बरीच वर्षं तग धरते. इथल्या सगळ्या विटा त्या दर्जाच्या नव्हत्या.

दुसरं दुखणं जास्त खोल आहे. भूकंपात भिंत फुटू नये म्हणून वीटकामात काही ठिकाणी लोखंडी सळ्या घातल्या होत्या. काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि तिच्याभोवती घट्ट बसलेलं असतं. विटांच्या सांध्यात तसं संरक्षण नाही. पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. त्या फुगण्याने सांधे उघडतात, विटा तडकतात. तड्यातून आणखी पाणी आत जातं आणि गंज आणखी वाढतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाने या तड्यांत भर घातली. भिंत भूकंपात तगावी म्हणून घातलेलं लोखंडच तिला आतून फोडत होतं. वाईट वाटतं ते एवढ्यासाठी, की आवारात बाकी सगळीकडे प्रत्येक साहित्य त्याला झेपेल तेच काम करतं आणि ते उघड्यावर करतं. या सळ्या तेवढ्या भिंतीच्या आत लपल्या, आणि दुखणं तिथून निघालं.

दुरुस्तीसाठी संस्थेने 2014 मध्ये वास्तुतज्ज्ञांची निवड केली. काम मिळालं मुंबईच्या सोमाया अँड कलाप्पा या कचेरीला, म्हणजे ब्रिंदा सोमाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. आधी ग्रंथालय हाती घेतलं. खराब विटा काढून जुळणाऱ्या विटा बसवल्या, गळती थांबवली, तडे भरले. हे काम धीराचं असतं. कमानीतली एक वीट बदलायची तरी आधी वरचं वजन टेकूवर घ्यावं लागतं. ग्रंथालयाच्या या जीर्णोद्धाराला 2019 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. एक वसतिगृहही नमुन्यादाखल दुरुस्त झालं.

आणि डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने जाहीर केलं, की अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडून नवी बांधायची आहेत. विटा कमी प्रतीच्या आहेत, छताचे तुकडे पडतात, मुलांच्या जिवाला धोका आहे, अशी कारणं दिली. जगभरातून विरोध झाला. वास्तुशिल्पी, इतिहासकार, माजी विद्यार्थी, इतकंच काय, कान यांच्या मुलांनीही पत्र लिहिलं. 1 जानेवारी 2021 ला संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. मात्र नोव्हेंबर 2022 मध्ये, तज्ज्ञांच्या अहवालांचा हवाला देत, जीर्णोद्धाराचा मार्ग सोडून पुनर्बांधणीकडे वळत असल्याचं तिने पुन्हा जाहीर केलं.

संस्थेची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिथे मुलं झोपतात. छत पडलं तर वास्तुकलेचा इतिहास कुणाला वाचवणार नाही. विरोध करणाऱ्यांपैकी काहींच्या बोलण्यात या मुलांचा उल्लेखच नव्हता, ते मला खटकलं. पण एखादी इमारत असुरक्षित आहे यातून ती पाडावी एवढा एकच निष्कर्ष निघत नाही. गळती वेळेवर थांबवली असती, छतावरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या असत्या, तर दुखणं इतकं वाढलं असतं का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्याकडे बांधकामाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या महाविद्यालयांच्या इमारतींची कहाणी वेगळी नाही.

पुनर्बांधणीत बाहेरचं रूप तसंच ठेवू, असं आश्वासन दिलं जातं. इथे नीट विचार करायला हवा. आज नवी इमारत बांधायची तर ती बहुधा काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभी राहील. तिच्या अंगावर विटा चढवून पसरट कमान काढता येईल, खाली काँक्रीटची पट्टीही दाखवता येईल. फोटोत फरक कळणार नाही. पण त्या कमानीवर वजन नसेल. पट्टी कुणालाच बांधून ठेवत नसेल, कारण बाहेर ढकलणारं काहीच तिथे उरणार नाही. कान यांनी जे उभं केलं ते चित्र नव्हतं, ती काम करणारी रचना होती. जिथे वजन वाहणाऱ्या विटेची जागा चिकटवलेली वीट घेते, तिथे आवाराचा आकार उरेल, विचार उरणार नाही.

रस्त्यापलीकडे संस्थेचं नवं आवार आहे, भुयारी मार्गाने जुन्याला जोडलेलं. ते बिमल पटेल यांच्या कचेरीने उघड्या काँक्रीटमध्ये बांधलं. त्यांनी विटांची नक्कल केली नाही. आपल्या काळाचं साहित्य घेतलं आणि ते उघडं ठेवलं. जुन्या आवारात एखादी इमारत खरोखरच वाचवता येत नसेल, तर माझ्या मते हा मार्ग जास्त सरळ आहे. तिथे आजची इमारत बांधावी आणि ती आजची म्हणून दिसू द्यावी. जिथे वाचवता येते तिथे मात्र टेकू लावून, गंजलेली सळई काढून, एकेक वीट बदलत राहण्याचा खर्च आणि वेळ मान्य करावा. ग्रंथालयाच्या कामाने ते शक्य आहे हे दाखवलेलं आहे. दुरुस्त केलेल्या भिंतींतही पुन्हा तडे दिसत असतील, तर ते तडे कुठून आले, मुळातल्या सळईमुळे, पाण्यामुळे की दुरुस्तीच्या पद्धतीमुळे, याचा तपशील सगळ्यांसमोर यायला हवा. अठरा वसतिगृहांचं दुखणं सारखंच असेल असंही नाही, त्यामुळे निर्णय एकेका इमारतीचा वेगळा घ्यावा लागेल.

हे आवार पाहायला जाणाऱ्यांनी आधी संस्थेकडे परवानगीची चौकशी करावी. आत गेल्यावर वर्तुळांचे फोटो काढून झाले, की एखाद्या पसरट कमानीखाली थांबून पट्टीचं टोक विटेत कसं शिरलंय ते जवळून बघावं. बाहेर ढकलणारा सगळा जोर तिथे अडवलेला आहे.